अतिवृष्टीचं अनुदान: यादीत नाव आहे, मग पैसे का नाहीत?

रानवाट (धागाकर्ता) | 9 नोव्हेंबर 2025

राम राम मंडळी.

आमचं गाव सीनेच्या काठी, धाराशिव जिल्ह्यात. सप्टेंबरात काय झालं ते बातम्यांत सगळ्यांनी पाहिलंय, म्हणून पुराचं वर्णन करत बसत नाही. पंचनामे झाले, 7 ऑक्टोबरला मुख्यमंत्र्यांनी 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि दिवाळीच्या आसपास काहींच्या खात्यावर पैसेही पडले. काहींच्याच म्हणतो, कारण आमच्याकडे एकाच बांधाच्या अलीकडच्याला पैसे आलेत अन् पलीकडच्याला नाहीत. का नाहीत, हे सांगायला मात्र कुणी सापडत नाही.

मी शेतीच करतो. कागदपत्रं जरा कळतात म्हणून संध्याकाळी लोक मोबाईल, पासबुक, सातबारा घेऊन ओट्यावर येतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: मला नेमके किती मिळायला पाहिजेत? ते आधी सांगतो.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचा मूळ दर हेक्टरी असा आहे: जिरायत 8,500, बागायत 17,000, फळबागेसारखं बहुवार्षिक पीक 22,500. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त पाहिजे. एरवी मर्यादा 2 हेक्टरची, या वेळी ती 3 हेक्टर केली. त्यावर रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी 10,000 वेगळे. म्हणजे जिरायतीला एकूण 18,500, बागायतीला 27,000, बहुवार्षिकला 32,500. पण हे दोन वेगवेगळे हप्ते आहेत, एकदम येत नाहीत. मूळ मदत एकदा आणि रब्बीचे 10,000 वेगळे. लोक पहिली रक्कम बघून "अर्धेच दिले" म्हणून खचून जातात. जरा थांबा, आलेल्या रकमेला आपल्या क्षेत्राने भागून बघा. हेक्टरी 8,500 निघाले तर दुसरा हप्ता यायचा आहे.

आता ज्यासाठी धागा काढला ते. परवा एक चुलते आले. सोयाबीन 1 हेक्टर 20 आर, सगळं पाण्याखाली गेलेलं. खात्यावर जमा 1,020 रुपये. हिशोबाने 10,200 पाहिजेत. ओळखीने यादीचं ते पान पाहायला मिळालं. गट नंबर बरोबर, खाते नंबर बरोबर, आधारचे शेवटचे चार आकडे बरोबर. बाधित क्षेत्राच्या रकान्यात 0.12. दशांश चिन्ह एक घर डावीकडे सरकलंय. पंचनाम्याच्या कागदावर 1.20 स्पष्ट लिहिलेलं आहे, खाली तिघांच्या सह्या आहेत. कागदावरून संगणकात चढवताना चूक झाली.

ही चूक कुणी मुद्दाम केलेली नाही, हे मलाही कळतं. ज्या पोरांनी रात्र रात्र बसून हजारो नावं भरली, त्यांच्याकडून असं होणारच. पण ती चूक पकडायची कुणी? ज्याच्या रानाचा आकडा आहे तोच पकडू शकतो, आणि त्यालाच यादी दिसत नाही. माझं म्हणणं एवढंच: पैसे सोडण्याआधी प्रत्येक गावाची यादी, गट नंबर आणि बाधित क्षेत्रासकट, चावडीवर लावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचा. आपापल्या गावचे अनुभव लिहा, माहिती असेल तर तीही लिहा.

---

निवृत्त_सज्जा | 9 नोव्हेंबर

रानवाट, मुद्द्याचं लिहिलंत. मी महसुलात तलाठी म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. यादी प्रसिद्ध करा हे काही नवीन मागणं नाही. मदतीच्या शासन निर्णयांत शेवटी शेवटी एक कलम असतंच की लाभार्थ्यांची यादी आणि दिलेल्या मदतीचा तपशील जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावा. पण तिथे ती येते वाटप झाल्यावर, आणि गावात ती कोण उघडून बघणार? वाटपाआधी चावडीवर लावली तर तिचा उपयोग. आमच्या वेळी दुष्काळाच्या याद्या चावडीच्या भिंतीला डकवत असू. भांडणं व्हायची, पण चुका तिथल्या तिथे निघायच्या.

पंचनामा कसा होतो हे पुष्कळांना माहीत नसतं, म्हणून लिहितो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांची संयुक्त पाहणी असते. (पदांची नावं आता बदलली आहेत, ग्राम महसूल अधिकारी, सहायक कृषी अधिकारी वगैरे, गावात अजून जुनीच चालतात.) एका तलाठ्याकडे दोन-तीन गावं. वर आदेश असतो की अमुक तारखेच्या आत पंचनामे संपवा. त्यात अर्ध्या शिवारात गुडघाभर चिखल. प्रत्येक बांधावर जाणं शक्य होत नाही हे खरं आहे, आणि मग पीक कोणतं हे ई-पीक पाहणीवरून (मोबाईलवरून केलेल्या पिकाच्या नोंदीवरून) घेतलं जातं. त्यात तुमची नोंद नसेल किंवा गेल्या वर्षीचं पीक राहिलं असेल, तर तिथूनच गोंधळ सुरू होतो.

त्या चुलत्यांना सांगा, पंचनाम्याच्या प्रतीसह तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडायचं नाही. तोंडी सांगितलेलं कुठल्याच दप्तरात राहत नाही.

---

बँकेतली_ताई | 9 नोव्हेंबर

मी एका ग्रामीण शाखेत काम करते. जिल्हा आणि बँक सांगत नाही.

"यादीत नाव आहे, पैसे पाठवले असं दिसतंय, पण खात्यात नाहीत" म्हणणारे आमच्याकडे रोज येतात. यातल्या बऱ्याच जणांचे पैसे हरवलेले नसतात, दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. हे पैसे खाते नंबरावर येतच नाहीत, आधारवर येतात. ज्या बँकेत आधार सगळ्यात शेवटी जोडला गेला त्या बँकेत ते जातात. कधीतरी सिमकार्ड घेताना दुकानदाराने मोबाईलवरचं खातं उघडून दिलेलं असतं, किंवा जुनं जनधन असतं. माणसाला आठवणही नसते, आणि पैसे तिथे पडून असतात.

बघायला सोपं आहे. मायआधारच्या संकेतस्थळावर आधार नंबर टाकून मोबाईलवर आलेला ओटीपी द्या. तिथे "बँक सीडिंग स्टेटस" मध्ये बँकेचं नाव दिसतं. त्या बँकेत जा. आधारला मोबाईल जोडलेला नसेल तर मात्र आधी आधार केंद्र गाठावं लागतं, आणि म्हाताऱ्या माणसांचं घोडं तिथेच अडतं. बोटांचे ठसे उमटत नाहीत. आयुष्यभर मातीत काम केलेल्या हातांच्या रेषाच झिजलेल्या असतात हो. काल एक आजी आल्या होत्या, अंगठा पुसून पुसून यंत्रावर ठेवत होत्या. शेवटी डोळ्यांच्या बुबुळांवरून झालं. तुमच्या केंद्रात ते यंत्र असेल तर मागून घ्या. ते असतं हेच लोकांना माहीत नसतं.

---

कोथरूडवरून | 9 नोव्हेंबर

प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नका. माझी शेती नाही. हेक्टरी 18,500 ऐकायला बरे वाटतात. प्रत्यक्षात किती भरपाई होते त्यातून? आणि पीक विमा असतोच ना? मग दोन्ही कशाला?

---

रानवाट | 10 नोव्हेंबर

राग कशाचा, विचारलंत ते बरं केलंत.

हेक्टरी 18,500 म्हणजे एकरी साधारण 7,400. सोयाबीनला नांगरणी, पाळी, बियाणं, खत, दोन-तीन फवारण्या, खुरपणी धरून आमच्याकडे एकरी वीस हजारांच्या आसपास खर्च येतो, घरच्यांची मजुरी न धरता. काढणी झाली असती तर आणखी. म्हणजे खर्चाचाही निम्मा भाग यातून निघत नाही, उत्पन्नाचं तर नावच नको. केंद्राच्या निकषांतच ही निविष्ठा मदत आहे, पुढच्या पेरणीला हात लागावा म्हणून दिलेली. भरपाई म्हणून तिची आखणीच नाही. त्यामुळे "सरकारने नुकसान भरून दिलं" असं कुणी म्हटलं की जीव जळतो.

पीक विम्याचं असं आहे की 2023 च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, तो या खरिपापासून बंद झाला. आता हप्ता आहे, सोयाबीनसारख्या खरीप पिकाला विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के. ते एक वेळ ठीक. पण त्याबरोबर स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, काढणीनंतरचं नुकसान, हे आधीचे सगळे आधारही राज्याने काढून टाकले. आता फक्त पीक कापणी प्रयोग, म्हणजे काही ठराविक रानांतलं पीक कापून उत्पन्न मोजायचं. महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) प्रयोग होणार, त्याचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नापेक्षा, म्हणजे त्या मंडळासाठी आधीच ठरवलेल्या उत्पन्नापेक्षा, कमी आलं तर मंडळातल्या सगळ्यांना त्या प्रमाणात. माझं रान नदीने धुऊन नेलं आणि मंडळातल्या माळावरच्या गावांत पीक बरं आलं, तर मंडळाची सरासरी वर राहते आणि माझ्या हाती फारसं काही येत नाही. पूर असा मंडळाच्या सरासरीने येत नाही ना.

---

काळी_माती | 10 नोव्हेंबर

माझं शिक्षण कृषीचं, सध्या वडिलांबरोबर शेती. पिकाचं एका हंगामाचं नुकसान आहे, पण ज्यांची जमीन खरडून गेली त्यांच्याबद्दल कुणी फार बोलत नाही.

आमच्या नदीकाठच्या रानात दीड-दोन फूट काळी माती होती. पाणी उतरल्यावर पाहिलं तर अर्ध्या रानात मुरूम उघडा पडलाय आणि उरलेल्या अर्ध्यात वाळू-गोट्यांचा थर बसलाय. ठिबकच्या नळ्या बांधावरच्या बाभळीला गुंडाळल्या गेल्या होत्या, माणसाच्या उंचीच्याही वर. विहीर काठोकाठ गाळाने भरली, मोटार आत.

पॅकेजमध्ये खरडलेल्या जमिनीला हेक्टरी 47,000 रोख आणि 3 लाखांपर्यंत रोजगार हमीतून, असं आहे. गाळ भरलेल्या विहिरीला 30,000. ऐकताना साडेतीन लाख वाटतात. पण ते 3 लाख हातात मिळत नाहीत, कामाच्या रूपाने मिळतात. रोजगार हमीत मजुरी आणि साहित्याचं प्रमाण 60:40 ठेवावं लागतं, मजुरांची जागा घेणारी यंत्रं चालत नाहीत. दोन फूट माती बाहेरून आणून हेक्टरभर रानात पसरायची तर पोकलेन, हायवा लागतातच. टोपलीने ते काम होईल का? रोजगार हमीच्या कामाला आधी मजुरांची मागणी, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. रब्बीची पेरणी त्यासाठी थांबत नाही.

माझी मागणी अशी: खरडलेल्या जमिनीसाठी तरी यंत्राने केलेलं काम मान्य करा, धरणांतला, तलावांतला गाळ गावापर्यंत आणून द्या. पुढचं पसरायचं शेतकरी बघून घेईल.

---

गोदाकाठ | 10 नोव्हेंबर

माझ्या धाकट्या जावेचं सांगते. दीर दोन वर्षांपूर्वी वारले. सातबारा अजून त्यांच्याच नावावर. सासरे म्हणायचे, करू सावकाश, घाई काय आहे. यंदा कापूस पूर्ण सडला. पंचनामा झाला, यादीत नाव आलं, पण नाव दिरांचं. आधार बंद, खातं बंद. पैसे कुणाला देणार?

ती बिचारी दोन लेकरं घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढतेय. तिला सांगतात आधी वारस नोंद करा. ती केली की नवीन शेतकरी ओळख क्रमांक. मग यादीत दुरुस्ती. तोवर तिने बियाणं कशाने घ्यायचं? यावर काही तातडीचा मार्ग आहे का? सज्जा काका, कृपा करून सांगा.

---

निवृत्त_सज्जा | 10 नोव्हेंबर

गोदाकाठ ताई, मार्ग आहे, पण पहिली पायरी चुकवता येणार नाही. वारस फेरफाराचा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन करता येतो, मृत्यू दाखला आणि वारसांचं स्वयंघोषणापत्र जोडून. नोटिशीचे 15 दिवस द्यावेच लागतात. यंदा एप्रिलपासून "जिवंत सातबारा" म्हणून राज्यभर मोहीम झाली, मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावायची. ज्यांनी त्यात करून घेतलं ते आज सुटले. राहिलेल्यांना आता पळापळ.

दुसरं, अर्जासोबत तहसीलदारांच्या नावे एक वेगळं पत्र द्या की अमुक खातेदार मयत, वारस नोंदीचा अर्ज अमुक क्रमांकाने दाखल केला आहे, मदतीची रक्कम परत पाठवू नये. बाकी वारस सज्ञान असतील तर त्यांची संमतीपत्रं आत्ताच लिहून ठेवा. नंतर एक जण पुण्याला, एक सुरतेला, असं होतं आणि सहीसाठी महिने जातात.

फेरफार करताना जावेचं नाव लागलंय ना ते सातबाऱ्यावर स्वतः वाचून घ्या. फक्त मुलांची नावं लावून मोकळे होतात आणि विधवा बाई बाजूला पडते, हे मी नोकरीत फार पाहिलंय. नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायची सोय 1992 पासून आहे, लक्ष्मी मुक्ती योजना. अर्ज द्यायचा, पैसे लागत नाहीत. गावोगावच्या पुरुषांनी ते आजच करावं असं मला मनापासून वाटतं.

---

बटईचं_रान | 10 नोव्हेंबर

माझं नाव कुठल्याच यादीत येणार नाही. चार एकर रान बटईने करतो. बियाणं निम्मं माझं, खत निम्मं माझं, कष्ट सगळे माझे. पंचनाम्याला रानात मीच उभा होतो, साहेबांना पाण्यातून वाट मीच दाखवली. पैसे मालकाच्या खात्यावर आले. मालक औरंगाबादला असतात. माणूस वाईट नाही, म्हणाले निम्मे देतो. अजून दिले नाहीत.

मालकाने नाही दिले तर मी कुणाकडे जाऊ?

---

रानवाट | 10 नोव्हेंबर

भाऊ, कायद्याने आज तुझ्या हातात काही नाही, खोटा दिलासा देत नाही. बटई तोंडी असते. लेखी करायला मालक घाबरतो, कारण मराठवाड्यात 1950 चा हैदराबाद कूळवहिवाटीचा कायदा लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. कागद केला की कसणारा कूळ म्हणून लागेल, जमीन त्याच्या नावावर जाईल, ही भीती. तीन पिढ्यांपूर्वीचे किस्से अजून सांगतात.

पण यावर मार्ग निघू शकतो असं मला वाटतं. त्या हंगामापुरता, फक्त पिकाच्या मदतीसाठी, मालक आणि बटईदार दोघांच्या सहीचा कागद पंचनाम्याला जोडायचा. त्यातून कुळाचा हक्क लागत नाही असं शासनाने स्पष्ट लिहून द्यायचं. मग मदत अर्धी-अर्धी दोन खात्यांवर. सामाईक खातेदारांचं संमतीपत्र चालतं, तर हे का चालू नये? माझ्या गावात निदान दर चौथं-पाचवं रान बटईचं असेल. पेरणारा एक आणि पैसे घेणारा दुसरा, असं किती दिवस चालवायचं?

तोवर मालकाला फोन करत राहा, आणि गावातल्या एखाद्या शब्दाला मान असलेल्या माणसाला मध्ये घाल. खात्यावर पैसे कधी आले त्याची तारीख माहीत असू दे.

---

वाडी_रायगड | 11 नोव्हेंबर

कोकणातून लिहितोय. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकलं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा फळबागांचा दर वाढवून हेक्टरी 50,000 केला होता. पण आमच्याकडे हेक्टर असतो कुणाकडे? वाडी दहा-बारा गुंठ्यांची. हेक्टरी 50,000 म्हणजे गुंठ्याला 500. उभं झाड पंधरा-वीस वर्षांचं, नवीन लावलं तर सुपारीला यायलाच सहा-सात वर्षं. त्यात सातबाऱ्यावर आजोबांच्या भावंडांपासून तीस-तीस नावं, निम्मी मुंबईत, काही कुठे आहेत तेही माहीत नाही. संमतीपत्रावर सह्या आणायच्या कुठून!

तुमच्या धाग्यातलं सगळं ओळखीचं वाटलं. फक्त पाणी वेगळं आणि पीक वेगळं.

---

शिरोळ_ऊस | 11 नोव्हेंबर

2019 ला आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेचा महापूर. तेव्हा एक हेक्टरपर्यंतच्या बाधित पिकाचं पीककर्ज माफ झालं होतं. 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा निकष वेगळे. शेजारी विचारायचा, पाणी तेच, रान तेच, मग पैसे वेगळे का? दर पुराला नवा हिशोब.

---

निवृत्त_सज्जा | 11 नोव्हेंबर

शिरोळकरांनी नेमकं दुखणं सांगितलं. माझ्याकडे जुनी टिपणं आहेत, त्यावरून जिरायतीचा हेक्टरी दर सांगतो. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या अवकाळीला, राष्ट्रपती राजवटीत, राज्यपालांनी 8,000 जाहीर केले. 2020 ला 10,000. 2021 ला 10,000. 2022 ला केंद्राच्या तेव्हाच्या दराच्या दुप्पट, 13,600, आणि मर्यादा 3 हेक्टर. जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने पुन्हा तेच 13,600 आणि 3 हेक्टर. मे 2025 मध्ये तो मागे घेऊन 8,500 आणि 2 हेक्टर. आणि ऑक्टोबर 2025 ला 8,500 अधिक 10,000, मर्यादा पुन्हा 3 हेक्टर.

सहा वर्षांत इतक्या वेळा दर फिरला. यात कुठलं सरकार चांगलं आणि कुठलं वाईट ही चर्चा मला इथे करायची नाही, सगळ्या पक्षांची सरकारं त्यात येऊन गेली. अडचण वेगळी आहे. दर आधी ठरलेला नसला की नुकसान झाल्यावर घोषणेची वाट, घोषणा झाली की शासन निर्णयाची वाट, मग निधीची मागणी, मग वाटप. तालुक्यातला कारकून प्रत्येक वेळी नवा तक्ता बनवतो. रानवाट यांच्या चुलत्यांच्या 0.12 चं मूळ त्या घाईतही आहे. उत्पादन खर्चाशी जोडलेला एकच दर कायद्याने ठरवून दर वर्षी महागाईप्रमाणे वाढवला, तर पंचनामा संपला त्याच आठवड्यात पैसे सोडता येतील.

---

कोथरूडवरून | 11 नोव्हेंबर

सगळं वाचलं. विम्याचं हे मंडळाच्या सरासरीचं मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या सोसायटीने पुरासाठी कपडे, भांडी पाठवली होती. आता काय केलं तर उपयोग होईल?

---

काळी_माती | 11 नोव्हेंबर

कपडे पुरेसे आले हो, आभार आहेत. आता हवंय ते हरभरा-ज्वारीचं बियाणं, आणि जनावरं वाहून गेलेल्यांना चारा. शासन दुभत्या जनावराला 37,500 देतं, या वेळी तीन जनावरांची मर्यादाही काढली. पण शवविच्छेदन किंवा पंचनामा नसेल तर अडतं, आणि वाहून गेलेली म्हैस दाखवायची कुठून? अशा एखाद्या घराला गाय घेऊन दिलीत तर त्या घराचं दूध सुरू होतं, रोजचा पैसा सुरू होतो. एखाद्या गावाशी थेट बोला, त्यांना काय हवं ते विचारा आणि तेच द्या. आणि तुमच्यात कुणी संगणक चालवणारी मुलं असतील तर शनिवार-रविवार एखाद्या गावात येऊन लोकांची आधार-बँक जोडणी तपासून द्या. त्याला पैसे लागत नाहीत.

---

बँकेतली_ताई | 12 नोव्हेंबर

एक महत्त्वाचं राहिलं. मदत आली आणि बँकेने थकीत पीककर्जात वळती करून घेतली किंवा खात्याला होल्ड लावला, अशा तक्रारी ऐकू येतात. मदतीच्या रकमेतून कोणतीही वसुली करू नये असं शासन निर्णयात असतं, आणि या वेळी तर कर्जवसुलीलाही स्थगिती दिली आहे. शाखेत जाऊन भांडू नका. शासन निर्णयाची प्रत लावून शाखाधिकाऱ्यांना लेखी द्या, एक प्रत जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला आणि एक तहसीलदारांना. लेखी गेलं की होल्ड निघतो, असा माझा अनुभव आहे. पुष्कळदा ते संगणकाने आपोआप लागलेलं असतं, शाखेलाही माहीत नसतं.

---

रानवाट | 16 नोव्हेंबर

मंडळी, थोडी माहिती द्यायला आलो.

या धाग्यावरचं निवृत्त_सज्जा काकांचं म्हणणं छापून सरपंचांना दाखवलं. आमच्या तलाठी मॅडमही तयार झाल्या, त्या नव्याने आल्यात, मनापासून काम करतात. काल ग्रामपंचायतीत यादी वाचली. मारुतीच्या पारापर्यंत माणसं उभी होती. मॅडमनी एकेक नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र वाचलं आणि ज्याचं त्याने हात वर करून बरोबर-चूक सांगायचं.

चुलत्यांसारखं दशांश सरकलेले आणखी काही निघाले. एकाचं तर उलट, 0.40 च्या जागी 4.00 पडलं होतं. तो स्वतःच उभा राहिला आणि म्हणाला माझं रान एवढं नाही. त्याचे पैसे अजून यायचे होते, आले असते तर पुढे वसुली निघाली असती. दोन नावं मयतांची. एका गटातल्या चार भावांपैकी तिघांचीच नावं, चौथा सगळ्यात गरीब, तोच सुटलेला. बागायतीच्या गटाला जिरायत लागलेलं, तेही निघालं. हेक्टरी 8,500 चा फरक पडतो त्यात. आवाज चढले दोन-तीनदा, पण संध्याकाळपर्यंत दुरुस्तीची एक यादी तयार झाली. ग्रामसभेच्या ठरावासह ती तालुक्याला गेली आहे, पोच माझ्याकडे आहे.

पैसे अजून आलेले नाहीत, आले की लिहीन. पण ही यादी वाचायला एक दुपार पुरली. प्रत्येक गावात ती वाटपाआधी काढता आली असती. जिल्हाधिकाऱ्यांना तसं निवेदन देतोय: पुढच्या टप्प्याचे पैसे सोडण्याआधी चावडी वाचन सक्तीचं करा. ज्यांना आपल्या गावातून असंच द्यायचं असेल त्यांनी मला संदेश करा, मसुदा पाठवतो.

---

गोदाकाठ | 17 नोव्हेंबर

दादा, मसुदा मलाही पाठवा. जावेचा वारसाचा अर्ज दाखल झाला, तिचं नाव घातलंय, मी स्वतः वाचून घेतलं. एक विचारायचं राहिलं, यादीत प्रत्येक नावाला जो विशिष्ट क्रमांक असतो तो दिरांच्या नावाचाच राहणार की नवीन मिळणार? ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणं) पुन्हा करावी लागेल का?

---

निवृत्त_सज्जा | 17 नोव्हेंबर

ताई, दिरांच्या नावाच्या नोंदीवर तुमच्या जावेची केवायसी होऊच शकत नाही, आधार जुळणार नाही. वारसाचं नाव यादीत चढवून घ्यावं लागेल, आणि त्या नावाला नवा क्रमांक मिळेल. शेतकरी ओळख क्रमांक आधी काढून ठेवा. तो असलेल्यांना या वेळी वेगळी ई-केवायसी लागत नाही असं शासनाने जाहीर केलंय, म्हणजे तुमची एक फेरी वाचेल. तो काढताना आधारवरचं आणि सातबाऱ्यावरचं नाव अक्षरशः एक आहे ना बघा. आधारवर माहेरचं नाव राहिलं असेल तर आधी ते बदलून घ्या. सातबाऱ्यावर लेखनाची चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे अर्ज. फेरफार मंजूर झाला की इथे कळवा, पुढचा अर्ज मी लिहून देतो.